ब्रातिस्लाव्हाच्या गाडीत समोर बसलेले ‘हे’

रागावू नका, पण इथले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. कुणाला लिफ्टमध्ये हात दिसतो, कुणाला बंद खोलीत पैंजण ऐकू येतात... मी म्हणायची, यांना घरात कामं नाहीत का? माझा अर्धा जन्म आखातात, रुवैसला गेला. नवरा रिफायनरीत शिफ्टला, दाराबाहेर वाळू, घरात दोन पोरं आणि ओट्यावर बॅचलर मुलांचे डबे. भूत आलं असतं तर त्याला मी कांदे चिरायला बसवलं असतं! आणि आता मीच लिहायला बसलेय. माझा मुलगा निखिल म्हणतो, “आई, प्लीज डोन्ट पोस्ट इट, लोक हसतील.” हसू देत. मी हसलेय तेवढं लोकांनीही हसावं.

आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझी मुलगी मानसी, आमची मनू, नोकरीसाठी ब्रातिस्लाव्हाला गेली आणि तिथल्याच मार्टिनशी तिने लग्न केलं. आम्हाला सांगितलं ते करून झाल्यावर. हे तिला फोनवर एवढंच म्हणाले, “विचारलं नाहीस ना? मग आता सांगूही नकोस.” खलास. तेव्हापासून चार वर्षं बाप-लेकीत शब्द नाही. मनूचा फोन आला की हे उठून बाल्कनीत जायचे आणि झाडांना पाणी घालायचे. आमच्या दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या बाल्कनीतली तुळस त्या पाण्याने दोनदा कुजली हो! मी समजावलं, रडले, अबोला धरला. अबोल्याचा तर काही उपयोगच नाही, यांना ते बरंच वाटतं. माझी साठी उलटली, यांची सत्तरी जवळ आली. दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट होण्याआधी यांनी पोरीशी बोलावं, एवढंच माझं मागणं होतं.

गेल्या डिसेंबरात शाळांना सुट्टी लागली तशी निखिलने आम्हा सगळ्यांना व्हिएन्नाला नेलं. तिथून ब्रातिस्लाव्हा आगगाडीने तासाभरावर. म्हणजे शारजाहून दुबईला ऑफिसला जाणाऱ्याचा सकाळी नुसत्या ट्रॅफिकमध्ये जेवढा वेळ जातो त्याहूनही कमी, आणि इथे चक्क देश बदलतो! मी रात्रीच जाहीर केलं, उद्या आम्ही दोघं मनूकडे जाऊन संध्याकाळी परत. हे म्हणाले, “बघू.” यांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे मला कळत नाही असं नाही. पण मी ‘हो’ धरून चालले. सकाळी यांनी गुपचूप बूट चढवले, तपकिरी माकडटोपी घातली, मरून मफलर नाकापर्यंत गुंडाळला, वरून निखिलचं निळं जाकीट. मला वाटलं, जिंकले!

स्टेशनवर पासपोर्ट, तिकिटं सगळं माझ्या पर्समध्ये. यांच्या हातात एक वस्तू दिली तर ती कुठे ठेवतील ते देवालाही ठाऊक नसतं. गाडीत चढलो, समोरासमोरच्या खिडक्यांच्या जागा मिळाल्या. मनूसाठी दुबईहून डिंकाचे लाडू करून नेले होते. ते फुटू नयेत म्हणून मी वाकून पिशवी सीटखाली नीट लावत बसले. हे माझ्या मागे काहीतरी पुटपुटत होते. यांचं पुटपुटणं मी सहसा ऐकत नाही, ऐकत बसले तर दिवस पुरायचा नाही. सरळ उभी राहून बघते तर हे डब्याच्या दाराशी, गर्दीत, माझ्याकडे पाठ करून. मी ओरडले, “अहो! अहो, इकडे या ना, बसा, गाडी सुटेल!”

आले. समोर बसले. गाडी सुटली.

आणि मग माझं तोंड सुटलं. बाहेर बर्फाने पांढरी झालेली शेतं, पवनचक्क्या... मी कशाकडेही पाहिलं नाही. चार वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर काढलं. म्हटलं, पोरीने लग्न केलं, दरोडा घातला का? म्हटलं, ती न्युमोनियाने हॉस्पिटलात होती तेव्हा तुम्ही तुळशीला पाणी घालत होतात, लाज नाही वाटली? हे एक शब्द बोलले नाहीत. मध्ये तोडलंही नाही! नाहीतर माझं वाक्य पुरं होईपर्यंत यांची दोन होतात.

तिकीट तपासनीस आला. मी दोन्ही तिकिटं पुढे केली, त्याने दोन्ही पाहिली. यांनी सवयीप्रमाणे पाय वाटेत पसरले होते, त्यांना वळसा घालून तो पुढे गेला. हे मी मुद्दाम सांगतेय, लक्षात असू द्या.

मग मी डबा उघडला. दशम्या आणि लसणाची चटणी. दशम्या प्रवासात टिकतात म्हणून घरूनच करून आणल्या होत्या. यांनी मफलर हनुवटीखाली ओढला. चेहरा यांचाच हो! चाळीस वर्षं बघतेय, मी काय चुकेन? दशमीला चटणी लावून खाल्ली. मिशीला तेल लागलं, मी टिश्यू दिला, पुसलं. आणि म्हणाले, “छान झालीये.”

इथेच मला संशय यायला हवा होता. एक तर हे ॲसिडिटीमुळे लसणाला हात लावत नाहीत. आणि दुसरं म्हणजे, ‘छान झालीये’? चाळीस वर्षांत? यांच्याकडून जास्तीत जास्त ‘चालेल’ ऐकलंय मी!

पण मी बोलण्याच्या भरात होते. म्हटलं, “मग? पोरीला काय सांगणार आहात?” यांनी टिश्यूची घडी घातली आणि म्हणाले, “चूक झाली माझी. सांगतो तिला.” मला इतका हुंदका आला की मी पदराने तोंडच झाकून घेतलं.

ब्रातिस्लाव्हाला मनू प्लॅटफॉर्मवर उभी होती, शेजारी तो उंच मार्टिन. मी आधी उतरले, पोरीला मिठीत घेतलं. ती माझ्या खांद्यावरून गाडीकडे बघत म्हणाली, “बाबा?”

“येतायत ना मागून. लाडवांची पिशवी घेतायत. मनू, बाबा बोलणार आहेत तुझ्याशी, मला म्हणाले.”

माणसं उतरली, डबा रिकामा झाला. हे नाहीत. मार्टिन धावत आत गेला, सगळा डबा, टॉयलेटसुद्धा बघून आला. हातात लाडवांची पिशवी. “नोबडी,” म्हणाला. यांना बीपी आहे, कुठे पडले असतील, गाडी पुढे गेली तर... मनू पांढरीफटक. तेवढ्यात माझा फोन वाजला. हे!

“पोचलीस का?”

“पोचलीस काय? तुम्ही कुठे आहात?”

“मी कुठे असणार? हॉटेलवर.”

“कसल्या हॉटेलवर? आत्ता माझ्यासमोर बसून दशम्या खाल्ल्यात ना!”

“डोकं फिरलं का तुझं? मी गाडीत बसलोच नाही. तू पिशवीशी खेळत होतीस तेव्हा सांगितलं की तुला, मला नाही जमणार, तू जाऊन ये. आणि उतरलो.”

मनूने माझ्या हातातून फोन घेतला. चार वर्षांनी बापाशी बोललेलं पहिलं वाक्य काय, तर, “बाबा, आई म्हणते तुम्ही लसणाची चटणी खाल्लीत.”

“मी? लसणाची? अशक्य!” फोन कानाला नव्हता तरी मला ऐकू आलं.

“आणि म्हणे, ‘चूक झाली माझी’ असं म्हणालात.”

मग हे कडाडले, “मी असलं काहीही म्हणालेलो नाही! थांब. थांबा दोघी तिथेच. मी येतो आणि सांगतो काय ते!”

आणि आले हो! पुढच्या गाडीने! मुलीला भेटायला जो माणूस चार वर्षं तयार नव्हता, तो ‘मी गाडीत नव्हतो’ एवढं सांगायला देश ओलांडून आला. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये. यांच्या खिशात फक्त एमिरेट्स आयडी, दुबईचं ओळखपत्र. दुबईहून शारजाला भाजी आणायला निघाल्यासारखे! वाटेत कोणी विचारलं नाही हे नशीब, नाहीतर तेही माझ्याच डोक्यावर फुटलं असतं.

गाडीतून उतरले ते तावातावाने थेट माझ्याकडे. “बोल आता, कोण होतं गाडीत?” मग मार्टिन दिसला. त्याच्याकडे वळून, बोट उगारून, जावयाशी आयुष्यातलं पहिलं वाक्य, “आय वॉज नॉट इन द ट्रेन!” तो बिचारा म्हणाला, “यस सर. वेलकम.” मनू हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. हे गोंधळले. हात कुठे ठेवावा कळेना, शेवटी तिच्या टोपीवर ठेवला. “कान झाक. थंडी आहे,” म्हणाले. बस्स, एवढंच. माफीबिफी काही नाही. पण दुपारी तिच्या घरी जेवले, वरणभात दोनदा घेतला, आणि निघेपर्यंत मार्टिनला पटवत होते की आपण सकाळच्या गाडीत नव्हतो.

आता तुम्ही म्हणाल, बाईला डुलकी लागली असेल. निखिलही तेच म्हणतो, “आई, यू वेअर टायर्ड, यू ड्रेम्ट इट.” मग दशम्या कोणी खाल्ल्या? मी निघताना यांच्या वाटच्या मोजून घेतल्या होत्या, माझ्या वाटच्या डब्यात तशाच होत्या. झोपेत मी खाल्ल्या म्हणावं तर माझ्याही खाल्ल्या असत्या ना? आणि तपासनीस पायांना वळसा घालून गेला, तो काय माझ्या स्वप्नात शिरून? मनू म्हणते, तुझ्या मनानेच बाबा उभे केले. मनाने उभे केलेल्या माणसाच्या मिशीला तेल लागतं का? आणि यांचं तर वेगळंच. हे म्हणतात, “तुझीच चूक. जन्मात माझं नाव घेतलं नाहीस. भरल्या गाडीत ‘अहो, या’ म्हटलंस. ज्याला ऐकू आलं तो येऊन बसला.” मला म्हणे नावाने हाक मारता आली असती! यांच्या आईसमोर एकदा नाव घेतलं होतं मी, तेव्हा आठ दिवस घरात काय झालं ते विसरले वाटतं. पण खरं सांगते, बाकी सगळ्यांपेक्षा यांच्या या बोलण्यानेच माझ्या अंगावर काटा येतो. दाराशी पाठ करून उभा असलेला तो कोण होता? हे तर म्हणतात, ते तोवर जिना उतरून स्टेशनबाहेर पडलेसुद्धा होते.

आता मनूचा फोन आला की हे बाल्कनीत जात नाहीत. माझ्या हातातून फोन ओढून घेतात आणि तोच वाद पुन्हा पहिल्यापासून. मी तिथे नव्हतो, चटणी खाल्ली नाही, जाकिटाला वासही नव्हता... मग तिथली थंडी, मार्टिनची नोकरी, तिचा खोकला, असं करत तासभर. माझी डाळ करपते, पण कोणाला काय त्याचं!

परवा मनू स्पीकरवर होती. म्हणाली, “बाबा, आता कबूल करून टाका ना, गाडीत तुम्हीच होतात, ‘चूक झाली’ तुम्हीच म्हणालात.”

हे वैतागून म्हणाले, “काय कबूल करू? नव्हतोच मी. असतो तर तेच म्हणालो असतो, ती गोष्ट वेगळी.”

त्यानंतर बराच वेळ फोन कोणीच ठेवला नाही.

माझे हात कणकेत होते, मी तशीच उभी राहिले. गाडीत माझ्यासमोर कोण बसलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला असं काही झालं असेल तर कळवा. फक्त ‘डुलकी’ म्हणू नका, तेवढी कृपा करा.