बर्फात नेलेले रक्त

“पांढऱ्या पेशी भरपूर आहेत. त्या जंतूंना गिळतात, पण गिळलेले जंतू त्यांना मारता येत नाहीत,” मुंबईच्या डॉक्टर बाईंनी सांगितले. माझा नातू ओम याच्या आजाराचे नाव क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. प्रतिकारशक्तीतील हा दोष जन्मजात असतो. सून रडली. मी नाव पुन्हा विचारून घेतले.

तोपर्यंत ओमच्या मानेला गाठी, यकृतात पू आणि दोनदा न्यूमोनिया एवढे होऊन गेले होते. कर्जतच्या दवाखान्यात उतार पडे. पुन्हा ताप येई. कर्जतजवळ कडावात आमचा म्हशींचा गोठा. शेजारीण सुनेला म्हणे, “नजर हाय गं पोराला, दुसरं काय नाय.”

निदान पक्के करण्यासाठी फ्लो सायटोमेट्री ही तपासणी ठरली. तिच्या यंत्रात पेशी बारीक धारेतून एकामागून एक लेझरच्या किरणासमोरून जातात. आधी त्यांत एक रंगद्रव्य घालून त्यांना चेतवतात. जंतू मारू शकणारी पेशी उजळते. न मारू शकणारी अंधारी राहते. तुलनेसाठी निरोगी माणसाचे रक्तही सोबत लागते. ते माझे घेतले.

रक्त कर्जतला काढून मुंबईस पोहोचवायचे होते. माझा मुलगा सुरेश दुधाचा टेंपो चालवतो. त्याने दोन्ही नळ्या दुधाच्या पेटीत बर्फात रोवल्या.

“काळजी नको, आबा. बर्फात दूध नासत नाय, तर रगत काय नासतंय?”

मलाही ते योग्य वाटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंचा फोन आला. “आबा, तपासणीत तुमच्याही पेशी अंधाऱ्या दिसतात. हे खरे असते, तर तुम्ही या वयापर्यंत पोहोचला नसता. नळ्या बर्फात ठेवल्या होत्या का?”

मी होय म्हणालो.

“हे दूध नव्हे. पेशी जिवंत पोहोचायला हव्यात. पुन्हा रक्त काढा आणि बर्फाविना आणा.”

ओमला ताप होता. शीर सापडेना. सुनेने त्याला घट्ट धरले. या खेपेस मी स्वतः नळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलो. माझ्या पेशी उजळल्या, ओमच्या नाहीत. निदान पक्के झाले.

ज्यांच्या घरी मूल अशा संसर्गांनी वारंवार आजारी पडते, त्यांनी डॉक्टरांना प्रतिकारशक्तीच्या तपासणीबद्दल विचारावे. रक्त कसे न्यायचे, हे प्रयोगशाळेलाच विचारावे. आपल्या सवयीवर जाऊ नये.

जंतू आणि बुरशी यांना आवर घालणारी औषधे ओमला रोज घ्यावी लागतात. कुजका पेंढा आणि शेणखत यांत वाढणारी बुरशी त्याच्या फुप्फुसांना घातक, असे डॉक्टर बाईंनी बजावले. आमचा गोठा घराला लागून. मी म्हशी लोधिवलीला मेहुण्याकडे पाठवल्या.

“म्हशींबिगर करमंल का तुमाला?” सुरेशने विचारले.

मी रिकाम्या गोठ्यातली दावी गुंडाळू लागलो.

कायमचा उपाय बोनमॅरो प्रत्यारोपण, म्हणजे निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेतील रक्त घडवणाऱ्या पेशी रुग्णास देणे. ओमच्या बहिणीची मज्जा जुळली आहे. धोका आहे, आशा अधिक आहे, असे डॉक्टर बाई म्हणतात.

यंदाचा पावसाळा रुग्णालयाविना गेला. ओम शाळेत जाऊ लागला. परवा त्याच्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतले. “आबा, तुमचा ओम वर्गात फार मारामारी करतो. कालही एकाला आडवा पाडला.”

मी हात जोडले. मी माफी मागतो आहे, असे बाईंना वाटले.