चक्कीचा तास

बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा मी पंजाबात होतो. नायक गुलाब धोटे, अनआर्म्ड कॉम्बॅट इन्स्ट्रक्टर कोर्स, बारा आठवडे. जागा नागपूरच्या उत्तरेला, कन्हान नदीच्या अलीकडचं एक ट्रेनिंग सेंटर. साल एकोणसत्तर, जुलै अर्धा सरला होता. माझं गाव कुही तालुक्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं. सहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच घर बसने तीन तासांवर आलं होतं. कोर्स कसला आहे हे मी वाचलंच नाही. बिस्तरा बांधला आणि गाडी पकडली.

अनआर्म्ड कॉम्बॅट म्हणजे हत्याराशिवायची लढाई. बंदूक हातातून गेली तर हातापायांनी काय करायचं, ते. आम्ही कोर्सला चोवीस जण होतो, बारा जोड्या. दिवस ठरलेला. ०५३० ला पीटी. ०६०० ते ०७०० उस्तादांचा तास. मग नाश्ता, मग पकड, फेक, चाकूपासून बचाव. रविवारी कपडे धुणं आणि पत्रं.

उस्ताद म्हणजे सुभेदार दिलबहादूर. नेपाळकडचे, पन्नाशीला आलेले, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला समोरासमोर उभं केलं. एक पाय पुढे. उजव्या मनगटाची बाहेरची बाजू समोरच्याच्या मनगटाला टेकवायची आणि दोघांनी मिळून हात गोल फिरवायचा, हळू. ढकलायचं नाही आणि सोडायचंही नाही. समोरचा पुढे आला तर पाय न हलवता त्याच्याबरोबर मागे झुकायचं. तो मागे गेला तर त्याला चिकटून पुढे झुकायचं. ज्याचा पाय हलला तो हरला. हे पंधरा मिनिटं, मग डोळ्यांवर पट्टी बांधून आणखी पंधरा मिनिटं.

समोरच्याचा धक्का यायच्या आधी तो कातडीला कळायला हवा, असं उस्तादांचं म्हणणं. पूर्वेकडे पोस्टिंगला असताना जोडे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून ते हे शिकले होते. म्हातारा कोण, कुठला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही या प्रकाराला चक्की म्हणू लागलो. माझी आई आणि काकू एका जात्यावर बसायच्या तेव्हा दोघींचे हात एका खुंट्यावर असेच फिरायचे, आणि कोण दमलं ते बोलल्याशिवाय दुसरीला कळायचं. म्हणून मला हे तितकं नवं वाटलं नाही.

माझ्या जोडीदाराला वाटलं. लान्स नायक बबन कडू, हिंगण्याकडचा. तेव्हा तिकडे कारखाने यायला लागले होते, पण बबनचं घर शेतीवरच होतं. पावणेसहा फूट, मान आणि खांदे एकच. गावोगावच्या कुस्त्या मारून फौजेत आलेला. मी त्याच्यापुढे तुरीची काडी. पकड आणि फेकीच्या तासाला तो मला दिवसातून वीस वेळा मातीत घालायचा आणि वीस वेळा हात देऊन उठवायचा. चक्कीच्या तासाला मात्र पाय त्याचाच हलायचा. तो जोर लावायचा, मी अंग बाजूला वळवायचो, आणि बबन स्वतःच्याच जोराने पुढे धडपडायचा. एकदा तर थेट उस्तादांच्या पायाशी लोटांगण घातलं. उस्तादांनी आशीर्वाद दिला.

ते त्याला रोज एकच गोष्ट सांगायचे. "कडू, तेरा हाथ बहुत भारी है. ताकत शोर करती है."

बबन जेवताना मला विचारायचा, "मी जोर लावून नाही राहिलो गा. तुले कसं समजते?"

"तुहा खांदा अगुदर बोलते," मी म्हणायचो.

मग तो थाळी खाली ठेवून खांद्याकडे बघायचा. खरंच बघायचा.

तिसऱ्या आठवड्यात त्याने रिकाम्या वेळी सराव सुरू केला. बराकीच्या खांबाला दोर बांधून त्या दोराशी चक्की खेळायचा. लंगरच्या, म्हणजे जेवणाच्या, रांगेत मागच्या माणसाच्या मनगटाला मनगट लावायचा. एका शिपायाने त्यावरून आरडाओरडा केला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून माफी मागितली.

आता कंपनी हवालदार मेजर, म्हणजे सीएचएम, जगताप. साताऱ्याकडचे. जवानांची शिस्त, हजेरी, तक्रारी, सगळं यांच्याकडे. मिशीला पीळ, बुटाला आरसा. माणूस कडक पण सरळ होता. चक्की त्यांना पहिल्या दिवसापासून खटकली. मैदानाच्या कडेला उभे राहून ते मोठ्याने म्हणायचे, फौजेत आता फुगड्या सुरू झाल्या, पुढच्या हप्त्यात झिम्मा. सेंटरात नव्याने भरती झालेले रिक्रूट हसायचे. उस्तादांना मराठी कळत नव्हतं, पण हसणं कळत होतं. 

आठव्या आठवड्यात जगतापांनी लेखी रिपोर्ट दिला. सकाळचा एक तास वाया जातो, तो संगीन सरावाला द्यावा. सोबत दोन-तीन जणांची नावं होती, प्रगती असमाधानकारक, युनिटला परत पाठवावं. त्यात पहिलं नाव बबनचं. इन्स्ट्रक्टरचा बिल्ला नाही, म्हणजे बढतीही लांबणार. कमांडंट साहेबांनी कोर्स संपताना निर्णय देतो असं लिहिलं. ही बातमी आम्हाला ऑफिसच्या क्लार्ककडून कळली.

त्या संध्याकाळी बबन खांबाचा दोर सोडून माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "कुस्ती मले बापानं शिकवली. तिथं जोर लावा लागते. आता इथं तो विसरा लागते. एकाच आंगात दोन्ही कसं राहीन गा?"

 आम्ही उठलो आणि अंधार पडेपर्यंत चक्की केली. त्याचा पाय अकरा वेळा हलला.

दहाव्या आठवड्यात नदी ओलांडण्याचा सराव आला. सप्टेंबरचा शेवट. कन्हानचं पाणी उतरलं होतं, पण मधल्या धारेला ओढ होती. या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर ताणलेला. दोराला धरून तराफे न्यायचे, एका तराफ्यावर चार जण. दोन्ही काठांवर वायरलेस सेट. खालच्या अंगाला साठ यार्डांवर बचावाची जोडी, म्हणजे बबन आणि मी. बबन छातीभर पाण्यात, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात, मी खडकावर पाय रोवून. पोहण्यात तो आमच्यात सगळ्यांत तयार होता म्हणून त्याला तिथे उभं केलं होतं. जगतापांनीच केलं होतं.

०९४० ला चौथा तराफा निघाला. त्यावर जगताप स्वतः होते. रिक्रूट घाबरत होते म्हणून ते उभे राहून हुकूम देत होते. मधल्या धारेत तराफा तिरका झाला आणि उलटला. तिघांनी दोर पकडला. जगताप बूट-पट्ट्यासह वाहत निघाले.

आमच्या काठावरच्या सिग्नलवाल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"एक आदमी पानी में. ओव्हर."

"कौन आदमी? ओव्हर."

"सीएचएम साहब. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "दोबारा बोलो. ओव्हर."

तोवर बबन धारेत घुसला होता. त्याने जगतापांना बरोबर गाठलं. पण बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. जगतापांनी त्याच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. मी खडकावरून बघत होतो. बबनने कुस्तीगिराने करावं तेच केलं. त्यांचे हात उपटून काढायला जोर लावला. तो जितका जोर लावी तितकी मिठी घट्ट होई. दोघं एकदा खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले.

दोर माझ्या हातात होता. त्यातून झटके येत होते, मोठा मासा गळाला लागल्यासारखे. मागून कोणीतरी ओरडलं, ओढ, धोटे, ओढ. मी ओढणारच होतो. तेवढ्यात दोर मऊ पडला.

सैल पडणं आणि मऊ पडणं यात फरक आहे. सैल दोरात कोणी नसतं. या दोरात बबन होता. दहा आठवडे रोज सकाळी त्याचं मनगट माझ्या मनगटाला लागलेलं होतं आणि त्याचा जोर मला ओळखीचा होता. तो जोर गेला होता, पण माणूस गेला नव्हता. मी ओढलं असतं तर दोघांना एकमेकांवर आवळलं असतं. मी ओढलं नाही. नुसता ताण ठेवला. हे मी आज शांतपणे लिहितो. तेव्हा मागचे ओरडतच होते. माझा अंदाज चुकला असता तर दोन माणसं माझ्या खात्यावर गेली असती.

मी मनात आकडे मोजत होतो. आठ झाले. दोर डावीकडे वळला. मग पाण्याच्या वर जगतापांचं तोंड आलं, आकाशाकडे. त्यांच्या पाठीशी बबन, एक हात त्यांच्या हनुवटीखाली. तेव्हा मी ओढलं. मागच्या तिघांसकट चौघांनी मिळून ओढलं.

खाली काय झालं ते बबनने नंतर सांगितलं. त्याला वाटलं, साहेब मला खाली नेत आहेत, तर जाऊ. तो त्यांच्याबरोबर खाली गेला. बुडणाऱ्याला वर यायचं असतं. बबन खाली चाललाय म्हटल्यावर जगतापांचे हातच सुटायला लागले. त्या क्षणी तो त्यांच्या मनगटाला मनगट लावून फिरला आणि त्यांच्या पाठीमागे गेला.

काठावर जगतापांनी पोटभर पाणी ओकलं. पहिला प्रश्न विचारला, टोपी कुठाय. टोपी माझ्या कुहीच्या दिशेने गेली असावी.  बबन शेजारी उताणा पडून धापा टाकत होता. त्याच्या गळ्यावर दहा बोटं उमटली होती. तो म्हणाला, "साहेब, तुमचा हात लय भारी हाय."

 लान्स नायकाने हवालदार मेजरला असं बोलायचं नसतं. जगताप त्याच्याकडे बघत राहिले, आणि खोकत खोकत हसायला लागले. त्यांना हसताना सेंटरात कोणी पाहिलं नव्हतं. सिग्नलवाला वायरलेसवर सांगत होता, सीएचएम साहब ठीक हैं, हंस रहे हैं. पलीकडून पुन्हा दोबारा बोलो आलं.

दुसऱ्या दिवशी ०६०० ला आम्ही जोड्या लावून उभे होतो. जगताप मैदानात आले. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, उस्तादांना सॅल्यूट केला आणि बबनच्या समोर उभे राहून हात पुढे केला.

"दाखव," एवढंच म्हणाले.

पहिल्या मिनिटात त्यांचा पाय तीन वेळा हलला. बबनचा एकदाही नाही. रिक्रूट ओठ चावून उभे होते. उस्ताद जोड्यांमधून फिरत तिथवर आले, जगतापांच्या दंडाला दोन बोटं लावली आणि म्हणाले, "भारी है. चलेगा, वक्त है."

रिपोर्ट परत घेतला गेला. चक्कीचा तास राहिला. शेवटच्या चाचणीत बबनला डोळे बांधून तीन जणांशी चक्की करायची होती, तिसरा मी. त्याने केली. मला तेव्हाच जाणवलं की त्याचं मनगट आता टेकलंय की नाही तेसुद्धा कळत नाही. आम्हा दोघांना बिल्ला मिळाला. मला सेंटरातच ठेवलं, त्याला त्याच्या बटालियनकडे पाठवलं. जाताना त्याने मला स्टेशनवर शेवटचं मातीत घातलं. प्लॅटफॉर्मवर माती नव्हती म्हणून पोत्यांवर.

मी सेंटरात पुढे सात वर्षं हा तास घेतला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात बबनची बटालियन पश्चिमेकडे होती. लढाई थांबायच्या दोन दिवस आधी तो एका जखमी जवानाला मागे आणत होता. जवानाला त्याने खंदकापर्यंत आणलं. स्वतः आला नाही. त्याच्या कंपनी कमांडरचं पत्र आम्हाला जानेवारीत मिळालं. त्यात एवढंच होतं आणि एवढं पुरेसं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी हिंगण्याकडे निघालो तर गेटवर जगताप पूर्ण युनिफॉर्ममध्ये उभे होते. माझ्याबरोबर बसमध्ये चढले आणि शेजारी बसले.

बबनचे वडील अंगणात तुरी झोडत होते. आम्हाला पाहून काठी ठेवली, खाट टाकली.  मग ते मला म्हणाले, "तुमी त्याच्या संगं होते. काही सांगा ना गा त्याच्याबद्दल."

मी नदीची गोष्ट सांगितली. तराफा, दोर, गळ्याची मिठी, सगळं. नाव तेवढं सांगितलं नाही, एक माणूस एवढंच म्हटलं. ते मान हलवत ऐकत होते. त्याला जोर सोडता आला यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. शेवटी विचारलं, "मंग तो मानूस वाचला का?"

जगताप खाटेवरून उठले. सावधान उभे राहिले.

"वाचला," ते म्हणाले. "तो मीच."

बबनचे वडील त्यांच्याकडे बघत राहिले. पायांपासून टोपीपर्यंत, सावकाश, विकत घ्यायच्या बैलाला बघावं तसं. मग त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं आणि आत हाक दिली, "अवं, दोघायसाठी पाट मांड. जेवूनच जातीन हे."

ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, तेल घातलेला ठेचा. जगतापांना तिखट सोसत नसे, मेसमध्ये ते मिरचीला हात लावत नसत. बबनची आई वाढत होती आणि ते नको म्हणत नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही, आणि कशाने आलं असं कोणी विचारलं नाही. चार भाकरी खाल्ल्या त्यांनी.