जुन्या चौकटीतले नवे स्क्रू

फ्रेमवाल्या मावशींचा माणसांपेक्षा काटकोन तपासायच्या गुण्यावर जास्त विश्वास. नवरा गेल्यावर त्यांनी फ्रेमचं दुकान एकटीने तेहतीस वर्षं चालवलं. एकदा एक गिऱ्हाईक आपलं जुनं चित्र फ्रेम करून घेऊन गेलं आणि आठवड्याने परत येऊन म्हणालं, "हे आमचं नाही, तुम्ही बदललंत." बदललं होतं त्याच्याच मेहुण्याने. पण हे कळेपर्यंत गल्लीभर बोभाटा होऊन गेला होता. तेव्हापासून मावशींनी कानाला खडा लावला. सून म्हणायची, "आई, तुम्ही आरशातल्या माणसालासुद्धा ओळखपत्र विचाराल."

दुकान बंद केल्यावर सुनेनेच त्यांचं नाव ज्येष्ठ मंडळींच्या सहलीत घातलं. एक दिवसाची सहल, जुना किल्ला आणि त्यातलं चित्रदालन. मंडळाचे प्रमुख होते निवृत्त हेडमास्तर. बसमध्ये ते शिट्टी वाजवून डोकी मोजायचे. मावशींनी मनातल्या मनात पुन्हा मोजली.

चित्रदालनात सगळे चेहरे बघत होते, मावशी मात्र कडा बघत होत्या. खिडकीशेजारी एक लहान चित्र होतं, हातात लिंबू धरून बसलेली म्हातारी. बाकीची चित्रं भिंतीला टेकलेली, हे मात्र बोटभर पुढे. मावशी गाल भिंतीजवळ नेऊन फटीत डोकावल्या. काळपट जुन्या चौकटीत चार कोरे, चकचकीत स्क्रू.

मावशींच्या मनात पाल चुकचुकली.

"मावशी, पुढे चला, पुढचं दालन मोठं आहे," मागून आवाज आला. दालनाचा पहारेकरी होता, पन्नाशी उलटलेला. बोलता बोलता तो त्या चित्रासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या खिशातून स्क्रूड्रायव्हरची पिवळी मूठ डोकावत होती.

"हे कधी उतरवलं होतं?" मावशींनी विचारलं.

"कोणी नाही उतरवलं."

"मग स्क्रू नवे कसे?"

त्याची नजर दाराकडे गेली.

मावशींनी हेडमास्तरांना गाठलं. "सर, इथलं एक चित्र बदललेलं आहे, आणि तो पहारेकरी त्यात आहे."

"बाई, आपण पाहुणे आहोत," हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले. "शिवाय जेवणाची वेळ झाली."

डबे उघडले गेले. मावशी मात्र डबा बंद करून थेट कार्यालयात गेल्या आणि चित्रदालनाच्या अधिकारी बाईंना घेऊनच आल्या.

बाईंनी पहारेकऱ्यालाच चित्र उतरवायला सांगितलं. त्याने ते टेबलावर पालथं ठेवलं. मावशींनी चष्मा लावला. कापड जुनं, कडेचे खिळे गंजलेले, एकही हललेला नाही. चित्र अस्सल होतं. चौकटीच्या चार कोपऱ्यांत मात्र बुचाचे तुकडे स्क्रूने घट्ट बसवलेले होते. आणि जिथे चित्र टांगलं होतं, तिथे भिंतीवर ताटाएवढी ओल.

"हे कोणी केलं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मी, मॅडम. ओल येते म्हणून तीनदा लिहून दिलं होतं. कोणी बघायला आलं नाही. चित्राला बुरशी धरली असती." तो थांबला. "हात लावायची परवानगी नाही, ठाऊक आहे मला."

"विनापरवाना हात लावलात, तर खुलासा द्यावा लागेल. नोकरीचा प्रश्न आहे."

मावशींना आपल्या दुकानाच्या दारात जमलेली ती गर्दी आठवली. आज त्या स्वतः गर्दीच्या बाजूला उभ्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर आपण आणून दिलेला.

"मॅडम, मला कागद द्या," त्या म्हणाल्या.

बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. मावशींनी टेबलाशी बसून लिहिलं: मी तेहतीस वर्षं फ्रेमचं काम केलं आहे. या गृहस्थांनी केलं तेच मी केलं असतं. चित्रामागे हवा खेळती राहिली म्हणून ते वाचलं. तपासायचीच असेल तर भिंत तपासा. खाली सही, पत्ता.

कागद देऊन त्या पहारेकऱ्याकडे वळल्या. "माझं चुकलं."

"तुम्ही आधी मला विचारायचं होतं," तो म्हणाला.

"विचारलं होतं की. तुम्ही खोटं बोललात."

"हो," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर मंडळी मावशींशी जरा जपूनच बोलत होती. त्याही खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दोन महिन्यांनी हेडमास्तर दुसऱ्या मंडळींना घेऊन तिथेच जाऊन आले आणि मुद्दाम मावशींच्या घरी आले. लिंबूवाली म्हातारी समोरच्या कोरड्या भिंतीवर गेली होती, खिडकीजवळ गवंडी काम करत होते. पहारेकरी नोकरीवर होता.

"माझ्याबद्दल काही विचारलं त्याने?" मावशींनी विचारलं.

"विचारलं ना. म्हणाला, त्या फ्रेमवाल्या मावशी बसमध्ये आहेत का? मी नाही म्हटलं, तेव्हा कुठे बिचारा निवांत खुर्चीत बसला."