ताई नव्हे, बाई

बाई व्हायच्या आधी त्या पुष्कळ वर्षं ताई होत्या. घरोघरी जाऊन गणित शिकवायच्या आणि पहिल्याच दिवशी मुलांना स्वतःहून सांगायच्या, मला ताई म्हणा हं. ताई म्हटलं की पोरं बिचकत नाहीत, चुकलेलं गणित लपवत नाहीत, आणि आयाही दार मोकळेपणानं उघडतात. शाळेतल्या नोकरीचा शिक्का पाठीशी नव्हता, तेव्हा गोडीनं घरात शिरायचं, एवढंच त्यांना सुचलं होतं.

पण ताईपणाला कुंपण नसतं. ताईला दुधाकडे लक्ष ठेवायला सांगता येतं. पार्सल आलं तर ताई सही करते. ऐनवेळी "आज नको, उद्या ये" असं ताईला दारातूनच परत पाठवता येतं.

वकीलबाईंच्या घरी तर कहर होता. दारावर नाव आणि पदव्या कोरलेली पितळी पाटी. वकीलबाई वयानं लहान, पण पहिल्या आठवड्यातच अगंतुगंवर आलेल्या. त्यांची मुलगी पिंगी नववीत. शिकवणी जेवणाच्या टेबलावर चालायची. एका टोकाला भूमिती, दुसऱ्या टोकाला निवडायची भाजी. पुढेपुढे आजीच्या गोळ्याही ताईंच्या गळ्यात आल्या. "तू बसलीच आहेस, तर आईंना तेवढी गोळी दे ना." बसलीच आहेस! जणू त्या तिथं वाट बघत बसल्या होत्या.

एका शनिवारी बाहेरच्या खोलीत पाहुणे होते. आत पिंगी वर्तुळाच्या एका प्रमेयाशी झगडत होती. सिद्धता तिच्या तोंडाशी आली होती, आणि ताई मुद्दाम गप्प बसून होत्या. अशा वेळी एक शब्द जास्त झाला तरी मुलाच्या हातातलं निसटतं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, ताई, जरा चहा टाक गं. मागोमाग वकीलबाई पाहुण्यांना सांगताना ऐकू आल्या, "आमची ताई. घरातलीच आहे. सगळं बघते, पिंगीचा अभ्यासही घेते."

त्या 'ही'नं घात केला. पिंगी ओशाळून पेन्सिल ठेवत उठली, चहा मीच करते म्हणाली. ताईंनी तिला खाली बसवलं, सिद्धता पूर्ण कर म्हणून सांगितलं आणि स्वतः बाहेर गेल्या.

"मी घरातली नाही," त्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या. "मी पिंगीची गणिताची शिक्षिका आहे. आमचा तास चालू आहे. तो संपेपर्यंत मला हाक मारू नका."

आत येऊन त्यांनी तास पुरा केला. पुढचं वर्तुळ पिंगीलाच काढायला लावलं. निघताना वकीलबाईंनी दारात गाठलं. एवढं लागलं का तुला, आपलेपणानं बोलले मी, असं काहीसं त्या म्हणाल्या.

"कोर्टात तुम्हाला कुणी आपलेपणानं चहा टाकायला सांगतं का?"

असं विचारून ताई जिना उतरल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला, येऊ नका. त्याच इमारतीतली आणखी दोन घरंही सुटली. शिकवणीवालीला शिंगं फुटलीत, असं जिन्यावर बोललं गेलं.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, शांत माणूस. जरा नमतं घेतलं असतंस तर, असं तो चाचरत म्हणाला. "नमतं घेऊन घेऊनच तर ताई झाले," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खोलीतलं कपाट ओढायला लागल्या. तो मुकाट्यानं दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. कपाट आत गेलं, फळा भिंतीवर चढला. पाटी रंगवायला नवराच बसला. क्लासेस लिहू की मॅडम, त्यानं विचारलं. गणित लिही, खाली माझं नाव, पुढे शिक्षिका, बस्स. मुलं मला बाई म्हणतील.

"बाई म्हटलं की लोकांना धुण्याभांड्याची वाटते."

"वाटू दे की. ती पण कामच करते. आणि जाताजाता दोन गणितं सांग, असं तिला कुणी म्हणत नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना सांगून टाकलं, मी तुमची ताई नाही, मावशी नाही. शाळेत मी कधी शिकवलं नाही. शिकवणी घेते, हेच माझं काम. चुकलात तर रागावणार नाही. दोन आयांना हे फारच ताठ वाटलं, त्यांनी मुलं काढून घेतली. राहिलेली मुलं सुरुवातीला चुका हाताखाली झाकायची. ताई असताना मुलं त्यांना घरातल्या भांडणांपासून सगळं सांगायची. बाईंना कुणी काही सांगेना. ते त्यांना सलायचं. पण त्या मागे फिरल्या नाहीत. रोज ठरल्या वेळी दार उघडत राहिल्या, आणि हळूहळू मुलांचे हात वह्यांवरून बाजूला झाले.

शिंगं फुटलीत म्हणून ज्या जिन्यावर त्यांची टिंगल झाली होती, तोच जिना उतरून परीक्षेच्या आधी वकीलबाई पिंगीला घेऊन बाईंच्या दारात आल्या. नव्या सरांकडे हिचं जमत नाहीये, म्हणाल्या. बराच वेळ बोलल्या, पण ताई नाही की बाई नाही. हाक मारायची जागा आली की वाक्य वळवून घ्यायच्या. अहोजाहो मात्र चुकलं नाही. बाईंनी वेळ सांगितली आणि पिंगीला आत जायला सांगितलं.

वकीलबाई चप्पल काढून मागोमाग आत यायला लागल्या. मी नुसती कोपऱ्यात बसते, म्हणाल्या.

"पालक आत बसत नाहीत," बाई म्हणाल्या. "तास संपला की या."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.