घरचं गिऱ्हाईक

आमच्या घरात मूल जन्माला आलं की दोन फोन होतात. एक पेढेवाल्याला, दुसरा नांदेडला आक्काला. पेढेवाला पैसे घेतो. आक्का वाकळ शिवून पाठवते.

आक्का माझी थोरली बहीण. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून ती काठाकडून आत, आत असे टाके घालत जाते, आणि मधली तळहाताएवढी जागा भरली की मगच उठते. पुण्याकडे याला गोधडी म्हणतात आणि भिंतीवर टांगतात. आम्ही लातूरचे लोक पांघरतो. आमच्या खानदानातलं एकही लेकरू असं नाही की ज्यानं आक्काच्या वाकळीवर मुतलं नाही. तिच्या कामाचं कौतुक म्हणाल तर आम्ही एवढंच केलंय.

त्या वर्षी नांदेडला बचत गटांचा मेळा भरला आणि आक्काला त्यात स्टॉल मिळाला. दिवाळीपासून ती शिवत होती. लुगडी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीकडून निवडून घेतलेली, धुऊन, उन्हात कडक वाळवलेली. तिच्या मनात होतं की घराची पुढची खोली मोकळी करावी, गल्लीतल्या दोघी बायकांना सोबत घ्यावं आणि ऑर्डरी घेऊन हे काम रीतसर चालवावं. दाजींना तिनं विचारलं होतं. दाजी माणूस वाईट नाही. ते कशालाच नाही म्हणत नाहीत, फक्त ‘बघू’ म्हणतात. या वेळी मात्र पुढं एक वाक्य जोडलं होतं. “मेळ्यात खपलं, तर खोली तुझी.”

हे तिनं मला फोनवर सांगितलं आणि मी घरात जाहीर केलं की आपण सगळ्यांनी जायचं. आक्काला आधार द्यायला. आधार देण्याची आमच्या घराण्याची पद्धत अशी आहे की गाडी भरून जायचं आणि ज्याला आधार द्यायचा त्याच्या अंगावर बसायचं. मी, बायको, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि आमची आत्या असे निघालो. वाटेत लोह्याला चहा झाला. मेळ्याच्या मैदानावर पोचलो तेव्हा स्टॉलवाल्या अजून पडदे बांधत होत्या.

आक्कानं दोरीवर वाकळा टांगल्या होत्या. लाल काठाची, हिरव्या चौकटींची, एक नुसती निळी. घरात पायाखाली असणारी वस्तू अशी डोळ्यांच्या पातळीवर आली की ओळखू येत नाही. मी म्हणालो, “आक्का, हे तू केलंस?”

“न्हाई. सरकारनं पाठवलं,” ती म्हणाली. खूश होती.

आत्यानं चपला काढल्या आणि स्टॉलच्या आत, मालाच्या गठ्ठ्यावर बसली. दशम्यांचा डबा उघडला. जावाजावांनी तिच्या दोन्ही बाजू धरल्या. स्टॉल आता बाहेरून बाळंतिणीच्या खोलीसारखा दिसत होता. समोर येणारी गिऱ्हाइकं आमचं जेवण बघायची आणि संकोचून पुढच्या लोणच्याच्या स्टॉलला जायची.

जेवता जेवता आत्यानं निळी वाकळ ओढली. “ही माझ्या नातवाला हाय बघ.”

“आत्या, अजून भवानी झाली न्हाई,” आक्का हळूच म्हणाली. दिवसाची पहिली विक्री रोखीनं व्हावी, उधारीनं किंवा फुकट माल गेला की दिवस बुडतो, हे आमच्याकडं शेंगा विकणारीसुद्धा पाळते.

“मग करते की मी भवानी. आण पिशवी.”

“तसं न्हाई. पैसे देऊन करावी लागती.”

आत्याचा घास हातातच राहिला. “तुझ्या दोन्ही बाळंतपणाला मी महिनाभर येऊन राहिले. तेल लावलं, शेक दिला. तवा तुला किंमत सांगितली व्हती का गं?”

आक्कानं वाकळीची घडी केली आणि पिशवीत घातली. तिथून पुढं सगळं सोपं झालं. आत्याला दिली म्हणजे दोघी जावांना नाही कसं म्हणणार? माझ्या बायकोनं एक घेतली आणि “ह्या रंगात जोडी चांगली दिसंल” म्हणून दुसरीही घेतली. भावाच्या बायकोनं माहेरासाठी एक जास्तीची उचलली. त्या वेळी सगळ्या मनापासून स्तुती करत होत्या. काय टाके, काय हात, माय गं. हातासाठी एवढे शब्द खर्च झाल्यावर रुपये खर्च करायची गरज उरत नसावी.

दुपारी एक नवरा-बायको आले. दोघं तरुण, चौकस. मुलीनं लाल काठाची वाकळ गालाला लावून बघितली. तिला कुणाला तरी लग्नात द्यायची होती, हातानं केलेलंच काहीतरी हवं होतं. “केवढ्याला आहे?” असं तिनं विचारलं. आक्का ताठ उभी राहिली, पदर नीट केला आणि तोंड उघडणार, एवढ्यात आत्या आतून म्हणाली, “अगं पोरी, तिला काय किंमत? जुन्या लुगड्यांचीच तर हाय. घरी तुझी आजी शिवून दील.”

आत्याला यात प्रामाणिकपणा दाखवल्याचं समाधान होतं. मुलीनं वाकळ गालावरून काढली. “जुन्या म्हणजे... वापरलेल्या?” लग्नातल्या भेटीला वापरलेलं कापड कसं चालेल, असं दोघं एकमेकांत बोलले आणि गेले. आक्का त्यांच्या मागं दोन पावलं गेली. “धुतलेली हाय हो, ताई. वाकळ जुन्याचीच करतात, मऊ लागती.” ते लोणच्याच्या स्टॉलपाशी पोचले होते.

परत येऊन तिनं ती वाकळ पुन्हा दोरीवर टाकली. मला राहवलं नाही. आपण काही फुकटे नाही, हे दाखवण्याची हीच वेळ होती. मी पाकीट काढलं, चांगली मोठी नोट तिच्या हातात कोंबली आणि लाल काठाची वाकळ खांद्यावर टाकली. “घे. ओवाळणी समज.”

तिनं नोट बघितली. “ओवाळणी कामून? आज काय दिवाळी हाय का?”

“अगं, घे म्हणतो ना.”

“तू किंमत विचारली न्हाईस.”

“बहिणीला कुणी किंमत विचारतं का?”

“मी विकायला बसून राहिले. गिऱ्हाईक आलं की आधी केवढ्याला म्हणतं. मी सांगते. मग ते म्हणतं, लई महाग हाय. तू म्हण की तसं. कर घासाघीस.”

ती थट्टा करत नव्हती. माझ्याकडं बघत थांबली होती. बाजारात मेथीच्या जुडीसाठी दहा मिनिटं वाद घालणारा मी, माझ्या तोंडून ‘केवढ्याला’ हा एक शब्द फुटेना. मला वाटलं, लोक काय म्हणतील, भाऊ बहिणीशी भाव करतोय. लोक म्हणजे कोण, तर आतल्या तिघी, आणि त्या दशम्या खात होत्या. मी हसण्यावारी नेलं. “मोठेपणा देतोय तर घे गं आक्का.”

“मोठेपणा घरी दे,” ती म्हणाली आणि नोट डब्यात टाकली.

गठ्ठ्यातल्या उरलेल्या वाकळाही घरातल्याच कुणाकुणाच्या नावानं गाडीत गेल्या. दिवस कलताना दाजी स्कूटरवरून आले. रिकामी दोरी बघून त्यांचा चेहरा खरंच उजळला. आयुष्यात पहिल्यांदा बायकोला काही चांगलं बोलायची तयारी करून ते आले असावेत. “अरे वा. खपल्या की सगळ्या!”

“एकबी उरली न्हाई,” आत्या अभिमानानं म्हणाली.

आक्कानं डबा उघडून त्यांच्यापुढं धरला. “ही भावाची ओवाळणी हाय. विक्री न्हाई.”

दाजींनी डब्याकडं बघितलं, मग आमच्या गाडीकडं. मागच्या काचेला वाकळांच्या घड्या दाबून बसल्या होत्या. ते दोरी सोडायला लागले. आत्या सोडून आम्ही सगळ्यांनी आक्काच्या पाया पडून, तब्येतीला जप म्हणून निरोप घेतला. परतीच्या वाटेवर गार वारं सुटलं होतं, पण गाडीत कुणालाच थंडी वाजली नाही.

पुढची खोली दाजींच्या पुतण्याला मिळाली, क्लासला नांदेडात राहायला.

परवा भावाला नात झाली. पेढे सांगून झाले आणि माझ्या बायकोनं नांदेडला फोन लावला. आक्कानं बाळाचं वजन विचारलं, बाळंतिणीला दूध पुरतं का विचारलं. वाकळीचं निघाल्यावर म्हणाली, “दुकानात बघा वैनी. चांगल्या चांगल्या मिळतात आता.”

आत्या तिथंच बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, “मेळ्यात एका दिवसात सगळ्या खपल्या ना, तेव्हापासून लई हवा गेली डोक्यात.”

माझी बायको हो म्हणाली. सगळे माझ्याकडं बघत होते, कारण आक्काचा सख्खा भाऊ तिथं मी एकटाच होतो. मी चहा मागितला.