झेंडूच्या हाराखालची वायर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. देवापुढं उभी राहते तेव्हासुद्धा हे एवढं सोडून बाकीचं बोलते. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल — असं वाटतंय. बघू.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मान आपोआप खाली जाते. आमच्या वडगाव रासाईत सगळे म्हणतात, थोरली सून म्हणजे गाय. गायीला शिंगं असतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझी धाकटी जाऊ रूपाली. दौंडची, वडील रेल्वेत, तिथल्या क्वार्टरमध्ये वाढलेली. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती. परातीतच फाटायची. मी शिकवली. पण शिकवताना — हे आत्ताच सांगून टाकते — तिची भाकरी फाटली की मला बरं वाटायचं. वरून म्हणायचे, "राहू दे गं, येईल हळूहळू." आतून वाटायचं, नको येऊ दे.

कोरेगाव भीमाजवळ हायवेला एक कारखाना आहे. तिथं ती कंपनीचं नेट सांभाळायला लागली. पुढं तिनंच मला तिथं साफसफाईला लावलं. म्हणाली, "ताई, घरात बसून कंटाळता, चला माझ्याबरोबर." आम्ही एकाच बसनं जायचो. बसमध्ये मी ताई. गेटातून आत शिरलं की मी मावशी. तिथं झाडणाऱ्यापुसणाऱ्या बायकांना सगळेच मावशी म्हणतात, लोकांदेखत तीही म्हणायची. मी तिला मॅडम म्हणायचे. घरी हळदीकुंकवाला पहिलं बोट माझ्या कपाळाला, आणि तिथं तिच्या टेबलावर चहा ठेवून मी दाराशी उभी.

म्हणून केलं, असं म्हणू का? म्हटलं तर तुम्ही मान हलवाल, मला ठाऊक आहे. पण ते खरं नाही. मावशी म्हटल्याचं मला तितकं लागलं नव्हतं. मग काय लागलं? ती चुकायची थांबली होती — ते लागलं.

काचेच्या एका खोलीत कंपनीच्या नेटचं कपाट होतं. त्यात एक पेटी, तिला फायरवॉल म्हणतात. हायवेला सारखं खोदकाम चालायचं. जेसीबीचा दात लागला की जमिनीखालची लाइन तुटायची आणि सगळा कारखाना बंद पडल्यासारखा व्हायचा. बिलं निघायची नाहीत, गेटावर ट्रक उभे. म्हणून रूपालीनं दुसरी लाइन घेतली, गच्चीवरच्या डिशमधून आलेली. दोन्ही त्या पेटीत जोडल्या. पहिली मेली की पेटीनं आपणहून दुसरी धरायची, कुणाला कळूसुद्धा द्यायचं नाही.

मला फडकं मारायला आत जावं लागायचं, म्हणून तिनं मला समजावून सांगितलं होतं. "ताई, ही पेटी सारखी बाहेर हाक मारत असते, आहेस का, आहेस का. ओ आली नाही की दुसऱ्या वाटेनं जाते. आपल्यासारखंच की हो. तुम्ही माहेरी गेलात की मी चूल धरते, मी गेले की तुम्ही."

मी विचारलं, "मग ह्यातली थोरली कुठली?"

ती हसली. "थोरली निळी. पिवळी धाकटी. धाकटीला तेवढा धक्का लावू नका हं, ऐनवेळी तीच उपयोगाला येते."

त्या वायरच्या टोकाला एक बारीक जीभ असते. ती दाबल्याशिवाय वायर निघत नाही. आत बसली की टक असा आवाज येतो. हेही तिनंच दाखवलं. कुणाला दाखवतोय, याचा विचार तिनं केला नाही. चौथी शिकलेली बाई, तिला काय कळणार — असं तिला वाटलं असेल? की मी तिची ताई, म्हणून तिच्या मनातच आलं नाही? मला हे दुसरं खरं वाटतं. पहिलं खरं असतं तर मला सोपं गेलं असतं.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा असते. पुण्याहून मोठे साहेब येणार होते. पूजा झाली की रूपाली त्यांच्यादेखत पहिली लाइन काढून दाखवणार होती. काही न अडता सगळं चालू राहिलं, तर तिला कायम करणार होते. तोवर ती कंत्राटावर होती. बसमध्ये माझा हात धरून म्हणाली, "ताई, आज झालं ना, तर पहिला पेढा तुम्हाला."

सकाळी तिनं माझ्यासमोर दोन्ही वायरी काढून, घालून बघितल्या. टक. टक. मग म्हणाली, "कपाटाला हार तुम्हीच घाला ताई, तुमच्या हातानं." आणि साहेबांना घ्यायला गेटाकडं गेली.

खोलीत मी एकटी. झेंडूचा जाड हार होता. तो मी पेटीवरून असा सोडला की बारके हिरवे दिवे सगळे झाकून गेले. मग हाराखाली हात घातला. पिवळी वायर. जीभ दाबली आणि बोटाच्या पेराएवढी मागं ओढून तशीच ठेवली.

हात थरथरला का? नाही. हेच तर सांगायचं होतं. एरवी साहेबांना चहा देताना माझी कपबशी वाजते. त्या वेळी हात दगडासारखा होता.

सगळे आले. नारळ फुटला, कुंकू लागलं. हार जरा तिरका दिसत होता, तो रूपालीनं सगळ्यांदेखत सरळ केला. कॉम्प्युटरवर एकदा नजर टाकली असती तर तिला कळलं असतं. पण साहेब घाईत होते. पडद्यावर त्यांचं कुणा गिऱ्हाइकाशी बोलणं चालू होतं. ती म्हणाली, "सर, तुम्ही बोलत राहा, मी लाइन काढते," आणि निळी वायर काढली.

पडद्यावरचा माणूस तोंड उघडं ठेवून थांबला. तसाच राहिला. बाहेरच्या हॉलमधून आवाज यायला लागले — "अरे गेलं! नेट गेलं!" हिशेबाच्या टेबलावरचा एक जण दारातूनच ओरडला, "मॅडम, दसऱ्याला रावण जाळतात, तुम्ही आमचं नेटच जाळलं की!" सगळे हसले. साहेबही हसले. तेच वाईट होतं.

तिनं निळी परत बसवली, हार बाजूला केला, आणि तिला पिवळी वायर जराशी बाहेर आलेली दिसली. तिचा चेहरा मी बघितला. ती वळली आणि सगळ्यांदेखत, त्या ऑफिसात पहिल्यांदाच, म्हणाली, "ताई, हार घालताना तुमचा हात लागला होता का हो?"

मला वाचवा, असं ती म्हणत नव्हती. नुसतं विचारत होती. मी हो म्हटलं असतं तरी काय झालं असतं? चुकून लागला, एवढंच म्हणायचं होतं. मला कुणी काही म्हटलं नसतं. मी मावशी होते.

मी म्हणाले, "न्हाई मॅडम. म्या तर लांबूनच घातला. सरळ तुम्हीच केला की."

बोलताना माझी मान वर होती.

"सर, एकदा परत दाखवते, नक्की चालेल," ती म्हणत होती. साहेब म्हणाले, "राहू दे आता, जेवून घेऊ." परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "आसूंदे गं. शिकल्याल्या मानसाच्या हातनं बी चूक व्हती." हे वाक्य मी सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर तिचं कंत्राट पुढं चाललं नाही. शिरूरला एका ठिकाणी नोकरीसाठी बोलावणं आलं होतं, तिथं तिला एक वायर बसवून दाखवायला सांगितली. तिनं बसवली, काढली, परत बसवली, परत काढली. तिथल्या माणसानं शेवटी तिच्या हातातून घेतली. त्यानंतर ती कुठं गेली नाही.

आता ती घरी असते. भाकरी छान करते, माझ्यापेक्षा पातळ. मी अजून त्याच कारखान्यात जाते. दार लावलं की ती कडी हलवून बघते. नळ बंद केला की खाली हात धरून उभी राहते. एकदा मला म्हणाली, "ताई, त्या दिवशी टक वाजलं होतं का हो? तुम्ही तिथंच होता ना. मला आवाज आल्यासारखा वाटतो, पण आता खात्री वाटत नाही."

वाजलं होतं. मी स्वतः ऐकलं होतं. मी म्हणाले, "ध्यानात न्हाई बाई."

हे जुनं झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच सांगायचं होतं — तेव्हा चुकलं, आता मन खातं. पण कालचंच सांगते.

काल सकाळी मी निघाले होते. तिनं माझा डबा भरून हातात दिला आणि म्हणाली, "ताई, गॅस बंद केलाय ना मी? जरा बघता का? माझा माझ्यावर भरवसा नाही."

मी आत गेले. बघितलं. बटण बंद होतं.

बाहेर येऊन म्हणाले, "चालूच व्हता की गं. म्या बंद केला."

ती उंबऱ्यावरच खाली बसली. मी चप्पल घातली आणि बस धरायला निघाले.