निळी जीभ आणि पाडव्याचा गुलाल

डॉ. यमुना पिसाळ यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते लोणंदच्या मेंढीबाजारात. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन मी घरी बसले होते आणि आईच्या भाषेत 'नुसती भुईला भार' झाले होते, म्हणून मामांबरोबर बाजाराला गेले होते. सुती साडी आणि पायांत गमबूट अशा थाटातल्या एक बाई तिथे मेंढरांचे ओठ वर करून एकेकीच्या तोंडात वाकून पाहत होत्या. व्यापाऱ्याचा पारा चढला होता.

"आवं बाई, घ्यायची हाय का न्हाई? का नुसती तोंडं बघत हिंडताय?"

"घ्यायची न्हाई," बाई शांतपणे म्हणाल्या. "जीभ बघायचीय."

भोवतालची माणसं हसली. मीही हसले. पण एका मेंढीच्या तोंडाशी त्या थबकल्या, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझं हसू तिथेच विरलं. सुजलेली, निळसर पडलेली ती जीभ मला दाखवत त्यांनी विचारलं, "काय शिकलीस?" मी सांगितलं. "मग इथं मेंढरं कशाला बघतेस?" पुढच्या सोमवारी मी मलकापूरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत हजर झाले. त्याला आता बरीच वर्षं झाली.

मॅडम येत्या महिन्यात साठ वर्षं पूर्ण करत आहेत आणि त्याच दिवशी संस्थेतून निवृत्त होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बजावलं आहे की लेख प्रसन्न आणि समाधानाचा असावा. मी मनापासून प्रयत्न करते. पण ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांनाच समाधान ठाऊक नसेल, तर शिष्येने ते कुठून आणायचं? शिवाय हा लेख मी ज्या दिवसांत लिहिते आहे, त्या दिवसांत माझं एका जागी बूड टेकत नाही. का, ते पुढे येईलच.

कराडजवळच्या ऊसवाल्या घरातल्या त्या लेक. दोन्ही भाऊ फौजेत गेले, या जनावरांच्या डॉक्टर झाल्या आणि तिथून विषाणूंकडे वळल्या. पिसाळ आडनाव आणि विषाणूंचं काम, त्यामुळे "मॅडम, तुम्ही रेबीजवर का नाही काम केलं?" हा विनोद प्रत्येक नवीन विद्यार्थी एकदा करतो. "घरचाच विषय आहे, तो शेवटी घेईन," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांनी घेतला तो निळ्या जिभेचा विषाणू. चिलटं हा रोग एका मेंढीकडून दुसरीकडे नेतात. पाऊस झाला की चिलटं वाढतात, मेंढीला ताप भरतो, तोंड सुजतं, जीभ निळी पडते. चरता येत नाही म्हणून ती उपाशी मरते. या विषाणूचे प्रकार अनेक आहेत आणि एकावरची लस दुसऱ्याला उपयोगी पडतेच असं नाही. आपल्या दुष्काळी पट्ट्यात फिरणाऱ्या प्रकारावर लस करायची, एवढा एकच ध्यास मॅडमनी इतकी वर्षं धरला.

त्यांच्या कामाची पद्धत सांगायची तर त्यांचं एक वाक्य सांगावं लागेल. वाढवलेल्या पेशींवर विषाणू सोडून, त्यात मेंढीच्या रक्तातला पातळ भाग घातला की पेशी जगतात की मरतात, हे आम्ही पाहतो. जगल्या तर त्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं आहेत. एकदा मी उत्साहाने म्हणाले, "मॅडम, छान आलंय." त्या म्हणाल्या, "छान काय आलंय ते नको. काय आलंय ते सांग." तेव्हापासून प्रयोगशाळेत 'छान' हा शब्द फक्त चहाला वापरतात.

लस तयार झाली आणि मेंढरांवर तपासायची वेळ आली, तेव्हा म्हसवडच्या बाजूच्या बायजाबाईंनी आपला कळप दिला. बायजाबाई म्हणजे तोंडाने फटकळ आणि काळजाने लोणी. निम्म्या मेंढरांना लस द्यायची आणि निम्म्यांना मिठाचं पाणी. त्याला आम्ही 'कोरी सुई' म्हणतो. पुढे रोग आला की दोन्ही बाजू ताडून पाहायच्या. कानाला बिल्ला मारायला बायजाबाईंनी साफ नकार दिला. पावसात जखम चिघळते, अळ्या पडतात. मग खुणेसाठी रंग लावायचं ठरलं. पाठीवर लावला तर लोकर कातरताना जाईल, म्हणून कपाळावर लावू, ही हुशारी आमची. लस दिलेलीला तांबडा, कोरीला निळा. आम्ही स्वतःवर खूश होतो.

कातरणीचा विचार केला. पाडव्याचा केला नाही. मागच्या वर्षी परतीचा पाऊस लांबला, चिलटं उठली, आता रोग येणार आणि लसीची कसोटी लागणार म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. मध्येच दिवाळी आली. पाडव्याला धनगर मेंढरं धुतात, सजवतात, ओवाळतात. पाडव्यानंतर आम्ही पोहोचलो तर अख्खा कळप कपाळापासून शेपटापर्यंत हळदीने आणि गुलालाने माखलेला. तांबडी कोण नि निळी कोण, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी ओढणीने एकेक कपाळ पुसू लागले, तर खाली आमच्या रंगाचा मागमूस नाही.

"आवं, असं काय करताय?" बायजाबाई म्हणाल्या. "सणाला मेंढराचं कपाळ मोकळं ठिवत्यात व्हय? आन् निम्म्यांनी काय पाप केलंय? द्यावाचा रंग समद्यांना."

"बायजाबाई, तुम्ही तर एकेक मेंढरू तोंडावरून ओळखता ना? मग कुणाला कुठला रंग होता ते सांगा की!" मी अजीजीने विचारलं.

"वळखते की. पर रंग कोण बघतंय? मी काय कपाळं वाचत बसले हुते?"

मॅडम मात्र हसल्या. त्या प्रसंगात त्या हसल्या, हे मी त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही. माझा पीएचडीचा प्रबंध त्याच हंगामावर उभा होता.

पाठोपाठ रोग आला. आमच्या बैठकीत एक तोडगा निघाला आणि तो मॅडम सोडून सगळ्यांना पसंत पडला. रोग कळपभर पसरायच्या आत सगळ्यांचं रक्त तपासू. ज्यांच्यात प्रतिपिंडं सापडतील त्या लस दिलेल्या, ज्यांच्यात नाहीत त्या कोऱ्या. रंग पुसला तरी रक्त थोडंच विसरतं! वरिष्ठही म्हणाले, वर्ष वाया घालवू नका, निवृत्ती जवळ आली आहे. मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "लस दिली, पण प्रतिपिंडं आलीच नाहीत, अशी मेंढरं कुठल्या बाजूला जातील?"

मग उत्तरही त्यांनीच दिलं.

"कोऱ्यांत. म्हणजे लसीच्या अपयशाचं खापर आपण मिठाच्या पाण्यावर फोडणार, आणि लस शंभर नंबरी ठरणार. असं मला जमणार नाही." आणि त्यांनी पूर्ण हंगाम रद्द केला.

त्या दिवसांत मी त्यांच्याशी नीट बोलत नव्हते. त्यांना त्याचं काही वाटलं की नाही कोण जाणे, कारण त्या प्रयोगशाळेत नव्हत्याच. त्या बायजाबाईंच्या तळावर होत्या. जीभ सुजलेल्या मेंढीला चारा चावता येत नाही. मॅडम उकिडव्या बसून एकेकीचं तोंड मांडीवर घेत आणि ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज बोटाने घशाकडे सोडत. ज्या कळपातून आता एक अक्षरही निष्कर्ष निघणार नव्हता, त्या कळपासाठी आमच्या विभागप्रमुख पेज शिजवत होत्या. काही वाचल्या, बऱ्याच गेल्या. प्रत्येक गेलेल्या मेंढीगणिक बायजाबाई मोठ्याने रडत आणि मॅडम पुढच्या मेंढीचं तोंड मांडीवर घेत. मला ते पाहणं जास्त जड जाई.

आमच्या घरी वेगळंच रामायण चाललं होतं. माझं लग्न पीएचडी होईपर्यंत थांबलेलं, आणि आता पीएचडीच वर्षभर पुढे गेलेली. आईने अबोला धरला. एका रविवारी मॅडम न सांगता एसटीने लोणंदला आमच्या घरी आल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या आणि आईला म्हणाल्या, "ताई, पोरीला बोल लावू नका. उशीर माझ्यामुळं झालाय. तिचं काम चोख आहे, माझीच खोड वाईट." आईने चहा टाकला. त्या गेल्यावर म्हणाली, "बाई लय खरी दिसती. अशा माणसाजवळ माणूस सुखी राहात न्हाई, पर वाया बी जात न्हाई." मॅडमच्या स्वभावाचं याहून चांगलं वर्णन या ग्रंथात कुणी केलं असेल, तर मला दाखवावं.

यंदा पुन्हा सुरुवात केली. बायजाबाईंकडे कळप मागायला जायची माझी छाती नव्हती. मॅडम गेल्या. बायजाबाईंनी पहिलाच सवाल टाकला, "औषध चांगलं हाय म्हणताय, मग समद्यांना टोचा की."

"चांगलं हाय असं मला वाटतंय, बायजाबाई. पर माझ्या वाटण्यावर मेंढरू जगत न्हाई."

बायजाबाईंनी पुढ्यातल्या मेंढीच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाल्या, "पेज तुमी पाजलीया. न्या कळप."

या खेपेला रंग नाही. प्रत्येकीच्या गळ्यात दोरीत ओवलेली नंबराची चकती, आणि कुठल्या नंबराला लस नि कुठल्याला कोरी सुई, हे फक्त सांगलीतल्या एका सहकाऱ्यांना ठाऊक. आम्हालाही नाही. पाडव्याला मॅडम स्वतः गुलालाची पिशवी घेऊन तळावर गेल्या आणि एकेका मेंढीच्या कपाळाला त्यांनी गुलाल लावला. "आता खुशाल रंगवा," त्या म्हणाल्या. रोग याही वर्षी आला. कुठल्या नंबराची जीभ निळी पडली ते आम्ही सांगलीला कळवत राहिलो. उत्तराची वाट पाहताना मी हा लेख तीनदा सुरू केला आणि तीनदा फाडला.

उत्तर परवा आलं. लस दिलेल्या मेंढरांच्याही जिभा निळ्या पडल्या होत्या. कोऱ्यांपेक्षा कमी, पण लस म्हणावी इतक्या कमी नाहीत. रोग यायच्या आधी घेतलेलं रक्त तपासलं तर लस दिलेल्या कितीतरी मेंढरांत प्रतिपिंडं तयारच झाली नव्हती. म्हणजे मॅडमनी ज्यांच्याबद्दल विचारलं होतं, नेमकी तीच मेंढरं. मागच्या वर्षी आमचा तोडगा चालला असता, तर ही लस आज उत्तम ठरून गावोगाव गेली असती. लोकांनी तिच्या भरवशावर कळप पावसात सोडले असते, आणि आज आम्ही सगळे हारतुरे घेऊन फिरत असतो. हे कळल्यापासून मला झोप नाही.

मॅडमनी आकडे दोनदा वाचले. त्यांचे डोळे भरून आले. मी ते पहिल्यांदाच पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "गौरवग्रंथ थांबवू नका, पोरांचा हिरमोड होईल. फक्त लस झाली असं कुणी लिहू नका." आणि प्रतिपिंडं का आली नाहीत, याची चर्चा त्यांनी तिथेच सुरू केली. निवृत्तीनंतर त्यांना बसायला प्रयोगशाळेत खुर्ची मिळेल की नाही, हे अजून ठरलेलं नाही. संस्थेच्या धुरिणांनी हा लेख वाचला तर त्यांनी त्याचा विचार करावा, ही विनंती मी मुद्दाम इथेच करते.

काल मॅडमबरोबर बायजाबाईंकडे गेले. त्यांचा तळ हलायच्या तयारीत होता. सांगायचं काम मॅडमनी माझ्यावर टाकलं नाही. "बायजाबाई, औषध लागू झालं न्हाई. माझंच कायतरी चुकतंय. आन् आता मी साठीची झाले, नोकरी संपत आली," त्या म्हणाल्या.

मॅडम, गौरवलेखाच्या शेवटी उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर चिंतायचं असतं. मी त्यासाठी फार शब्द शोधले. पण माझ्या आधी, गाढवावर बोचकं बांधता बांधता, बायजाबाई ते चिंतून मोकळ्या झाल्या होत्या.

"साठ म्हंजी काय वय हाय व्हय? लय जगताय तुमी. मी गुलाल जपून ठिवते. फुडच्या पाडव्याला या, आन् येताना नवं औषध घिऊन या."